निबंधलेखनाचे अध्यापन

निबंधलेखनाचे अध्यापन : दिलेल्या विषयावर, ठरावीक शब्दमर्यादेत, एका मताभोवती बांधलेला छोटा निबंध लिहायला शिकवण्याची पद्धत. पुण्यात हे शिक्षण प्राथमिक शाळेतल्या ‘माझा आवडता सण’पासून नवी पेठ-सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांपर्यंत चालू असते. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आदींनी रूढ केलेला ललित लघुनिबंध याहून वेगळा. तिथे लेखक आडवाटेला गेला की वाचक खूश होतो. परीक्षेतल्या निबंधात तसे केले की गुण जातात.

पुण्याला वैचारिक निबंधाची परंपरा जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक काढले आणि १८८१ पर्यंत चालवले. त्यातले बहुतेक लेखन त्यांचे एकट्याचेच. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले त्याच्या संस्थापकांतही ते होते. पुढे आगरकरांच्या ‘सुधारका’ने (१८८८) समाजसुधारणेचा वाद असाच लिहून लढवला. हे निबंध ऐसपैस असत, आजच्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत ते मावायचे नाहीत. तरी विरुद्ध पक्षाचा आक्षेप आधी मांडायचा आणि मग तो खोडायचा, ही आगरकरांची रीत दहावीच्या वर्गातही शिकवता येते.

शालेय निबंधाची चौकट मात्र परीक्षेने घडवली. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आणि १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ या दोन्हींची मुख्यालये पुण्यातच आहेत. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाचे असतात. त्यांपैकी ८ गुण प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला. प्रश्नासोबत बहुधा मुद्देही दिलेले असतात. घाबरलेल्या मुलाला त्याचा आधार वाटतो, पण मुद्दे शोधण्याचे खरे काम परस्पर झालेले असते आणि हाती उरते ती वाक्ये जोडण्याची कसरत. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या निबंधाच्या पुस्तकातले तयार उतारे पाठ करण्याची सवय याच वाटेने लागते. ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय वर्गातल्या साठ वह्यांत जवळपास एकाच निबंधाने भरलेला दिसतो, सुरुवातीच्या सुविचारासकट.

प्रस्तावना, मध्य आणि समारोप हे तीन भाग सहावीतले मूलही सांगते. अडचण त्याआधीची असते: मला नेमके काय म्हणायचे आहे? म्हणून अनुभवी शिक्षक वही उघडण्यापूर्वी विषयाचा प्रश्न करून घेतात आणि त्याचे उत्तर एका पूर्ण वाक्यात मागतात. पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते. ‘पादचारी दिन’ एवढाच विषय दिला, तर मुले चालण्याचे फायदे आणि प्रदूषणाचे तोटे लिहून मोकळी होतात. तोच ‘लक्ष्मी रस्ता रोज वाहनांना बंद ठेवावा का?’ असा विचारला की बाजू घ्यावीच लागते. समजा, विद्यार्थ्याने ठरवले, ‘रोज नको, सणांच्या खरेदीच्या दिवसांत ठेवावा.’ आता दुकानदारांचा माल कधी उतरणार, वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी रिक्षा कुठे पकडायची, गाड्या कुठे लावायच्या, हे प्रश्न आपोआप पुढे येतात. प्रत्येकाला एक परिच्छेद मिळतो. पुणेकरांचे वाहनप्रेम हा मुद्दा कितीही चटकदार असला, तरी विधानाला हातभार लावत नसेल तर तो कापायचा. कापणे शिकवायला सर्वांत अवघड जाते, कारण पान भरले म्हणजे निबंध झाला ही समजूत घरूनच आलेली असते.

परिच्छेदाचा सराव स्वतंत्रपणे घेतात. पहिल्या वाक्यात मुद्दा, मग कारण, मग डोळ्यांनी पाहिलेले एखादे उदाहरण. ‘तरीही’, ‘म्हणूनच’, ‘याउलट’ हे शब्द सजावटीसाठी वापरलेले असतात की खरोखर दोन विचार सांधतात, हे वाक्यांचा क्रम बदलून पाहिले की लगेच कळते. क्रम बदलूनही काही बिघडले नाही, तर बांधणीच नव्हती. प्रस्तावना शेवटी लिहायला लावण्याची युक्तीही बरीच उपयोगी पडते.

तपासणीत मात्र ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई खर्ची पडते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून रूढ आहेत आणि ते यायलाच हवेत. पण पहिल्या खर्ड्यावर फक्त युक्तिवाद तपासावा आणि शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यावर पाहावे, हे अधिक शहाणपणाचे. मोठ्या वर्गात दोन खर्डे तपासणे शिक्षकाला झेपत नाही. तिथे बाकावरच्या जोडीदाराकडून ‘याचे म्हणणे एका वाक्यात सांग’ एवढे करून घेतले तरी पुष्कळ काम होते.

स्पर्धा परीक्षांत निबंध लांब होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २५० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत सुमारे हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहावे लागतात आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. राज्य लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केल्यावर पुण्यातल्या शिकवणी वर्गांत निबंधाच्या तासांना मागणी आली. या तासांना बसणाऱ्या पदवीधरांना पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणजे विषय वाचून एक वाक्य लिहिण्यापासून.