दुतोंड्या मारुती आणि ढगातून बघणारा सॅटेलाइट

जोराचा पाऊस झाला की नाशिकमध्ये पहिला प्रश्न एकच, मारुतीच्या कुठपर्यंत आलं पाणी? रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच आपली मोजपट्टी, गुडघे कंबर छाती असं चढत जायचं, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर. तेवढ्यात ग्रुपवर कोणीतरी २०१९ चा व्हिडिओ आत्ताचा म्हणून टाकतो आणि खाली "गंगामाई कोपली". अहो कोपली कसली, धरणातून विसर्ग सोडलाय आणि पूररेषेत बांधकामं आपणच केलीत.

यंदाचा नवा फॉरवर्ड म्हणजे "सॅटेलाइट आता पूर लाइव्ह दाखवणार". लाइव्ह वगैरे काही नाही, पण खरी गोष्ट त्याहून भारी आहे.

पावसाळ्यात साधा कॅमेरा आंधळा, खाली नुसते ढग. रडारचं तसं नाही. रडार स्वतःच रेडिओ लहर खाली सोडतं आणि परत आलेली टिपतं. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार सॅटेलाइटची लहर साधारण साडेपाच सेंटीमीटर लांबीची आणि ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, त्यामुळे धुक्यातून म्हैस निघून जावी तशी ती आरपार जाते. ती खाली तिरकी येते. शेतावर, दगडांवर पडली की चहूकडे विखुरते, थोडी परत वर पोचते. संथ पाणी मात्र आरशासारखं, लहर पलीकडेच उडवून लावतं, म्हणून इमेजमध्ये पाणी काळं. आता गंमत, ओझरची धावपट्टीसुद्धा काळीच दिसते! म्हणून कोरड्या दिवसाची इमेज शेजारी ठेवायची, जे नव्याने काळं झालं तो पूर. पण शहरात उलटंही होतं, लहर पाण्यावर आपटून भिंतीवर जाते आणि तिथून सरळ सॅटेलाइटकडे, म्हणजे पाणी भरलेला रस्ता आणखी उजळ दिसतो, आणि सराफ बाजारासारख्या अरुंद गल्लीत तर ती नीट पोचतच नाही.

बरं, एक सेंटिनेल त्याच मार्गावर परत येतो १२ दिवसांनी. आपला पूर दीड-दोन दिवसांत ओसरतो. म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी सॅटेलाइट त्या वेळी वरून जात असेल तर त्याला विनंती करायची, म्हणूनच २००० पासून अंतराळ संस्थांचा आंतरराष्ट्रीय चार्टर, म्हणजे आपसातला करार, चालू आहे, मोठ्या आपत्तीत इमेज फुकट, इस्रो २००१ पासून त्यात आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात बिमस्टेक देशांचा, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा, पॅनेक्स-२१ हा आपत्तीत मदतीचा सराव झाला. अशा सरावांत फोटो बोटींचे आणि हेलिकॉप्टरचे येतात, मला विचाराल तर त्याहून मोलाची प्रॅक्टिस वेगळी, इमेज कोणी मागायची, रात्री दोनला फोन कोण उचलणार, काळं-उजळं वाचून घाटावरच्या टीमला मराठीत कोण सांगणार. पाणी सकाळी उतरलं आणि विनंती दुपारी गेली, तर वरून जाणाऱ्याला दिसेल तो नुसता गाळ.