फायरवॉल आणि वापरसुलभता

नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी वाहतूक ठरावीक नियमांनुसार गाळणाऱ्या यंत्रणेला फायरवॉल म्हणतात. नियम कडक केले की हल्ल्याची वाट अरुंद होते. मात्र त्याच नियमांत रोजचे काम अडकू लागले, तर माणसे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून मोकळी होतात आणि तिथे कोणाचीच नजर नसते. म्हणून वापरसुलभतेला सुरक्षेचाच भाग मानावे लागते. संगणकशास्त्रज्ञ जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणासाठी आठ तत्त्वे मांडली. त्यांत ‘मानसिक स्वीकार्यता’ हे एक होते: संरक्षणाचे नियम वापरणाऱ्याच्या हातून सहज, सवयीने पाळले गेले पाहिजेत. तत्त्व इतके जुने असूनही फायरवॉलच्या बाबतीत त्याची आठवण उशिराच झाली.

‘जे स्पष्टपणे मंजूर नाही ते बंद’ हा फायरवॉलचा मूळ नियम कागदावर बिनतोड आहे. अडचण अशी, की बरेच प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांच्या आपसांतील संवादाचे ठरलेले नियम, फायरवॉल येण्याआधीचे. एफटीपी या फाइली पाठवण्याच्या प्रोटोकॉलच्या जुन्या पद्धतीत वापरकर्त्याचा संगणक आपला एक पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांक दिलेले दार) सर्व्हरला कळवतो आणि फाइल देण्यासाठी सर्व्हर उलट त्या पोर्टवर जोडणी करतो. फायरवॉलच्या लेखी ही बाहेरून आलेली आगंतुक जोडणी असते. परिणामी लॉगिन होते, पण फाइलींची यादी काही येत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरक्षातज्ज्ञ स्टीव्हन बेलोविन यांनी आरएफसी १५७९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ‘पॅसिव्ह’ पद्धतीचा आग्रह धरला; तीत आज्ञांची आणि फाइलींची अशा दोन्ही जोडण्या आतूनच सुरू होतात. पुढे जोडणीची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉल एफटीपीचा संवाद वाचून नेमका हवा तो पोर्ट तेवढ्यापुरता उघडू लागल्या. सुरक्षा न सोडता त्रास गेल्याची अशी उदाहरणे थोडी.

एरवी घडले ते वेगळेच. कार्यालयांनी वेब सोडून बाकी सारे बंद केले, तसे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपली वाहतूक वेबच्याच ८० आणि ४४३ या पोर्टांतून न्यायला सुरुवात केली. १ एप्रिल २००१ रोजी निघालेल्या आरएफसी ३०९३ मध्ये तर माहितीचे कोणतेही पॅकेट एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलमध्ये गुंडाळून फायरवॉलपार करण्याचा साळसूद प्रस्ताव होता. तारीख बघता ती थट्टाच. फक्त त्या थट्टेत अतिशयोक्ती फारशी नव्हती.

घरगुती संगणकांवर हा प्रश्न जास्त उघडा पडला. २००० च्या सुमारास लोकप्रिय झालेली झोनअलार्मसारखी व्यक्तिगत फायरवॉल प्रत्येक नव्या प्रोग्रामला इंटरनेटवर जाऊ द्यायचे का, असे विचारी. पडद्यावर चौकट येई: ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस’ला परवानगी आहे काय? हा विंडोजचाच भाग. ‘नाही’ म्हटले तर इंटरनेट बंद पडण्याची शक्यता, ‘हो’ म्हणताना आपण कशाला होकार दिला ते कळत नाही. दोन दिवसांत माणूस न वाचता ‘हो’ दाबायला शिकतो. ज्याला उत्तर ठाऊक असण्याचा संभव नाही त्याला विचारलेला प्रश्न संरक्षण करत नाही, जबाबदारी तेवढी ढकलतो.

विंडोज एक्सपीमध्ये २००१ पासूनच फायरवॉल होती, पण मुळात बंद आणि नेटवर्क जोडणीच्या सेटिंगमध्ये खोल दडलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा वर्म, म्हणजे आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात शिरणारा घातक प्रोग्राम, पोर्ट १३५ वरून पसरला. साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून संगणक आपोआप पुन्हा सुरू होत. वापरणाऱ्याने काही उघडले, दाबले असे नव्हतेच. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या सुधारणासंचाने फायरवॉल आपोआप चालू केली. ती फक्त आत येणारी वाहतूक अडवी, बाहेर जाणारी नाही. त्यावर जाणकारांनी टीका केली, पण निर्णय शहाणपणाचा होता. एखादा प्रोग्राम बाहेरच्या जोडण्या स्वीकारू पाहील तेव्हाच प्रश्न येई, त्यामुळे प्रश्नांची संख्या घटली. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टा या विंडोजच्या पुढच्या आवृत्तीने पोर्टांची भाषाच बाजूला ठेवून ‘घर, कार्यालय की सार्वजनिक ठिकाण?’ एवढेच विचारले. याचे उत्तर कोणीही देऊ शकतो.

नियम लिहिणाराही एक वापरकर्ताच असतो, हे सहसा विसरले जाते. संशोधक अविशाय वूल यांनी २००४ मध्ये कंपन्यांतील ३७ फायरवॉलच्या नियमावल्या तपासून दाखवले की नियमावली जितकी गुंतागुंतीची तितक्या तिच्यात चुका जास्त. ‘फक्त आजच्यापुरता पोर्ट उघडून द्या’ म्हणून घातलेला नियम काढायचे धाडस पुढे कोणी करत नाही, कारण तो कशासाठी होता हे माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. यावर नियमालाच मुदत आणि मागणाऱ्याचे नाव जोडणे हा साधा उपाय आहे. लिनक्सवर आयपीटेबल्स या फायरवॉल साधनाच्या किचकट आज्ञांना पर्याय म्हणून उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने २००८ मध्ये आणलेल्या यूएफडब्ल्यूच्या नावातच ‘अनकॉम्प्लिकेटेड’ (सुटसुटीत) हा शब्द आहे.

सोयीचे पारडे जड झाले की काय होते, ते घरोघरच्या राउटरवर दिसते. यूपीएनपी या राउटरमधील सोयीमुळे घरातील उपकरण कोणालाही न विचारता राउटरवर पोर्ट उघडून घेऊ शकते. सोसायटीचे कॅमेरे चेअरमनसाहेबांना मोबाइलवर दिसावेत म्हणून ते बसवणारा पोर्ट फॉरवर्ड करून (म्हणजे बाहेरून थेट आत येण्याची वाट उघडून) जातो आणि डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड मात्र कारखान्यातलाच राहतो. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) अशाच उघड्या, मूळ पासवर्डच्या कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची फौज उभी केली.

आता अनेक संस्था नेटवर्कच्या सीमेवरचा भरवसा कमी करून प्रत्येक विनंतीला माणूस आणि उपकरण तपासतात. गूगलने आपली अशी रचना ‘बियॉन्डकॉर्प’ नावाने २०१४ मध्ये मांडली. यात घरून काम करणाऱ्याला व्हीपीएनची, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करण्याची, कटकट उरत नाही, पण लॉगिनला परवानगी देण्याची चौकट संगणकावरून मोबाइलवर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये हल्लेखोराने उबरच्या एका कंत्राटदाराला लॉगिन मंजुरीच्या सूचना पुन्हा पुन्हा पाठवल्या, आणि अखेर त्याने त्यांतली एक मंजूर केली.