स्वादुपिंडदाह, चिरकारी : वयोगटांनुसार प्रमाण

जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन त्याच्या पेशींची जागा तंतुमय ऊतक घेते, नलिकेत कॅल्शियमचे खडे साचतात आणि पाचकरस व इन्सुलिन या दोहोंची निर्मिती हळूहळू घटत जाते, त्या विकाराला चिरकारी स्वादुपिंडदाह म्हणतात. झालेली हानी भरून येत नसल्यामुळे एकदा रुग्ण ठरलेली व्यक्ती पुढच्या प्रत्येक वयोगटात रुग्ण म्हणूनच मोजली जाते, आणि त्यामुळे दरवर्षी नव्याने सापडणारे रुग्ण थोडे असले तरी एकूण रुग्णसंख्या वाढत्या वयाबरोबर साचत जाते. पाश्चात्त्य देशांत लाखामागे दरवर्षी साधारण ५ ते १२ नवे रुग्ण आणि एकूण सुमारे ५० रुग्ण असे प्रमाण सांगितले जाते. दक्षिण भारतासाठी दिला जाणारा एकूण रुग्णांचा आकडा लाखामागे ११४ ते २०० असा बराच मोठा आहे. केरळातील कोल्लम जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत सुमारे २८,५०० लोकांत ३६ रुग्ण आढळले होते.

मुलांमध्ये हा विकार विरळा आहे. अमेरिकेतील खासगी विमाधारकांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांतील प्रमाण लाखामागे सुमारे ९२, तर मुलांतील ६ च्या आत होते. तथापि लहानपणी सुरू होणारा आजार वेगळ्या कारणांचा असतो. त्यात जनुकीय दोषांचा वाटा मोठा असून आनुवंशिक प्रकाराशी निगडित पीआरएसएस१ जनुकातील बदल १९९६ मध्ये, तर स्पिंक१ मधील बदल २००० मध्ये उजेडात आला. दुसरा बदल भारतीय रुग्णांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. आनुवंशिक प्रकारात पहिला झटका बहुधा विशीच्या आत येतो. जेवणानंतर बेंबीच्या वर उठून पाठीत जाणारी, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकल्यावर थोडी उतरणारी कळ हे त्याचे ओळखीचे लक्षण. घरी मात्र ती जंत, अपचन किंवा शाळा बुडवण्याचा बहाणा समजली जाते, ओवा-हिंगावर निभावून नेली जाते, आणि निदानाची नोंद कित्येकदा पुढच्या वयोगटात जाऊन पडते.

भारतीय संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती तरुणांतील ‘उष्णकटिबंधीय’ प्रकाराची. १९६० च्या दशकात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी केरळमधील रुग्णांवरून त्याचे जे चित्र मांडले, त्यात बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू असा क्रम होता. कुपोषण आणि कसाव्यातील (केरळात खाल्ल्या जाणाऱ्या एका कंदातील) सायनाइडजन्य द्रव्ये यांना दीर्घकाळ कारण मानले गेले, पण तो संबंध टिकला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या देशव्यापी अभ्यासात सुमारे ६० टक्के रुग्णांत कारण सापडले नाही, सुमारे ३९ टक्क्यांत मद्य कारणीभूत होते, आणि याच एकूण रुग्णांत जुन्या व्याख्येत बसणारा उष्णकटिबंधीय प्रकार ४ टक्क्यांहून कमी निघाला. अज्ञातकारण प्रकाराचे वयानुसार दोन गट पडतात : पस्तिशीच्या आत सुरू होणारा, ज्यात वेदना तीव्र असते पण खडे व मधुमेह सावकाश येतात; आणि पन्नाशीच्या आसपास सुरू होणारा, ज्यात जवळपास निम्म्या रुग्णांना पोटदुखी होतच नाही.

मद्यजन्य प्रकार मुख्यतः ३५ ते ५० वयाच्या पुरुषांत दिसतो, कारण तो वर्षानुवर्षांच्या भरपूर मद्यपानानंतर उद्भवतो. बिडी-सिगारेट त्याला हातभार लावते आणि स्वतंत्रपणेही धोका वाढवते.

ठाणे आणि नवी मुंबई या जोडशहरांत हे आकडे वाचताना लोकसंख्येची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत नोकरीच्या वयात बाहेरून आलेल्यांचा भरणा मोठा असून त्यांत मूळच्या केरळी कुटुंबांचाही समावेश आहे. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत पेन्शनरांची संख्या नजरेत भरते, तर घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलांत तरुण कुटुंबे अधिक. अशा दोन वस्त्यांत प्रत्येक वयोगटातील प्रमाण अगदी सारखे असले तरी एकूण दर वेगळे येतील. त्यामुळे वयाचे प्रमाणीकरण, म्हणजे दोन्हीकडे वयोगटांची ठेवण एकच धरून दराची फेरमांडणी, केल्याशिवाय त्यांची तुलना करणे चुकीचे ठरते. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. तेथील किंवा वाशीच्या एखाद्या रुग्णालयातील वयवार टक्केवारी ही दाखल झालेल्यांची टक्केवारी असते आणि तिच्यावरून शहरातील प्रमाण काढता येत नाही, कारण छेदस्थानी कोणती लोकसंख्या घ्यायची हेच ठरत नाही. शिवाय केसपेपरवर लिहिलेले वय त्या दिवसाचे असते. ‘पित्ता’च्या गोळ्यांवर दहा वर्षे काढलेल्या, कळ पंचविशीत सुरू झालेल्या माणसाची नोंद पस्तिशीत होते. वयोगटांच्या तक्त्यात लक्षण सुरू झाल्याचे वय, निदानाचे वय आणि सध्याचे वय हे तीन स्तंभ वेगळे हवेत. बहुतेक तक्त्यांत एकच असतो.

साठीपुढील आकडे सर्वांत निसरडे आहेत. वयानुसार स्वादुपिंड आपोआप आक्रसते, त्यात चरबी शिरते आणि नलिका थोडी रुंदावते. भलत्याच कारणाने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये हे बदल दिसले की दाहाचे लेबल लागू शकते. उलट, वेदनारहित आजार मधुमेह, वजन घटणे किंवा तेलकट, भांड्याला चिकटणारे शौच या रूपाने समोर येतो आणि मोजणीतून सुटतो. स्वप्रतिकारजन्य, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटून होणाऱ्या, दाहाचा पहिला प्रकार याच वयातील पुरुषांत अधिक असून तो स्टिरॉइडने ओसरतो. मात्र त्याचे आणि कर्करोगाचे चित्र इतके मिळतेजुळते असते की काहींची शस्त्रक्रिया कर्करोग समजून झालेली असते. चिरकारी दाह असलेल्यांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो आणि आनुवंशिक प्रकारात तो विशेष वाढतो. त्यामुळे पन्नाशीनंतर अचानक मधुमेह सुरू होऊन वजन घटल्यास, दाहाच्या खात्यात नोंद करण्यापूर्वी कर्करोग वगळावा लागतो.