एफटीआयआयमध्ये पटकथालेखन: अर्ज, पात्रता आणि अडवणारे कागद

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० पासून असलेली फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (एफटीआयआय) केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. पुण्यातला अर्जदार नेमकं हेच विसरतो. अकरावीपासून राज्याच्या प्रवेशप्रक्रियेचे कागद गोळा करायची सवय झालेली असते. तीच फाइल इथे उचलून आणली की गाडी अडते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे: पटकथालेखन, चित्रपट, टीव्ही आणि वेब सिरीजसाठी. पूर्वी तो एक वर्षाचा होता आणि फक्त चित्रपटापुरता. जुन्या सीनिअरची माहिती घेताना हा फरक ध्यानात ठेवा. २०२५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) किंवा पीएचडीचा विचार असेल, तर हाती पदव्युत्तर पदविका पडणार की पदवी, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा.

पात्रतेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीकॉम चालतं, बीई चालतं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा मात्र पदवी धरला जात नाही. शेवटच्या वर्षाला असलेले अर्ज करू शकतात, पण ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. मागच्या सत्राचा एखादा विषय एटीकेटीत असेल तर खरी अडचण तिथे आहे. निवड होऊनही त्या एका विषयाच्या निकालापायी जागा जाऊ शकते. देशभरातल्या उमेदवारांसाठी एकच यादी लागते, त्यामुळे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र काढायला रांग लावू नका.

आता आरक्षणाचं. इथे केंद्राचं आरक्षण लागतं: अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७, आर्थिक दुर्बल घटक १०. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे रकाने फॉर्ममध्ये सापडणारच नाहीत, कारण ते राज्याचे आहेत. यातल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, काही नाहीत. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची यादी उघडा आणि आपल्या दाखल्यावर जात जशी लिहिली आहे तशीच तिथे आहे का, ते पाहा.

ओबीसींनी नॉन क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात काढायचं. महा ई-सेवा केंद्रात नुसतं ‘नॉन क्रिमीलेअर हवंय’ म्हटलं की राज्याचा नमुना हातात पडतो. तो तीन वर्षांसाठी वैध असला तरी इथे उपयोगाचा नाही. केंद्रीय प्रवेशांत साधारणपणे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला दाखला मागतात. अर्ज देतानाच ‘केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थेसाठी’ असं स्पष्ट सांगा आणि माहितीपत्रकातला नमुना छापून सोबत न्या.

मराठा उमेदवारांचा राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला केंद्राच्या संस्थेत लागू होत नाही. ते आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करू शकतात, निकषांत बसत असतील तर. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. शिवाय उत्पन्न कितीही कमी असलं तरी पाच एकर किंवा जास्त शेतजमीन, अथवा १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर दाखला मिळत नाही. उत्पन्न बसतं पण गावच्या सातबाऱ्यावर साडेपाच एकर निघतात, अशी गत बऱ्याच घरांत होते. कुणबी नोंद सापडून दाखला निघाला असेल, तर प्रवर्ग ओबीसी होतो. मग आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करता येत नाही.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर ते शेवटी असतं, आणि लग्नानंतर बदललं असेल तर तिसरंच नाव तयार. फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेनुसार भरा. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुधा निभावतं. नाव किंवा आडनावच वेगळं असेल, तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडा.

फॉर्म ऑनलाइन भरायचा. फोटो आणि सही दिलेल्या केबी मर्यादेत बसवा. मोबाइलवर सहीचा फोटो काढला की कागदाची सावली येते. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची सही स्कॅन करून घ्या, दहा रुपयांचं काम आहे. शुल्क परत मिळत नाही, म्हणून प्रवर्गाचा रकाना पैसे भरायच्या आधी पुन्हा वाचा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी लॉग इन करून स्थिती बघा.

लेखी परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांसोबत लिहायचे प्रश्न असतात. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत तयार झालेली पुण्याची मुलं संवाद झकास लिहितात आणि तिथेच फसतात, कारण पात्रं सगळं बोलून टाकतात. प्रसंग लिहिताना आत की बाहेर, दिवस की रात्र, जागा कोणती, हे आधी येऊ द्या. मग जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. ‘तिला वडिलांची आठवण येते’ याचं चित्रण होत नाही. ती त्यांचा चष्मा पुसून पुन्हा डबीत ठेवते, याचं होतं. सरावासाठी दर आठवड्याला तीन पानांचा एक बिनसंवादाचा प्रसंग पुरे.

लेखीतून निवडलेल्यांना पुढे ओरिएंटेशन आणि मुलाखत असते. सोबत नेण्याचं स्वतःचं लेखन देवनागरीत असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चिन्हांचा कचरा होतो. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब इंग्रजी कुरिअर फॉन्टच्या १२ पॉइंटचा आहे. देवनागरी पानांना तो तंतोतंत लागू पडत नाही, तेव्हा पटकथेची लांबी मोठ्याने वाचून, घड्याळ लावून काढा.

निवड झाल्यावर मूळ कागद तपासतात: दहावी, बारावी, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारं प्रमाणपत्र), वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रवर्गाचे दाखले. मायग्रेशनला विद्यापीठात वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा. मूळ कागद देण्याआधी स्वयंसाक्षांकित प्रतींचे दोन संच आणि सगळ्यांची स्कॅन केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.