'ऑफुल' वाईट आणि 'ऑसम' छान कसे झाले?

इंग्रजीतले 'ऑफुल' आणि 'ऑसम' हे शब्द म्हणजे सख्खी भावंडे. दोघांच्या पोटातला 'ऑ' स्कँडिनेव्हियाच्या जुन्या नॉर्स भाषेशी नाते सांगतो आणि तिथे त्याचा अर्थ सरळ भीती असा होता. पुढे धर्मग्रंथांच्या इंग्रजीत देवापुढे वाटणारा आदरही त्यात मिसळला. नाट्यशास्त्राने भयानक आणि अद्भुत हे रस वेगळे ठेवले. या इंग्रजी शब्दात ते एकत्र नांदले. त्यामुळे त्याला नुसते 'आश्चर्य' म्हणून भागत नाही.

'ऑफुल' म्हणजे मुळात दरारा वाटायला लावणारे. याचा दाखला म्हणून लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची गोष्ट हटकून सांगतात. राजाने नवी वास्तू पाहून ती 'ऑफुल, आर्टिफिशियल आणि अम्यूझिंग' (तेव्हाच्या अर्थाने थक्क करणारी) असल्याचे सांगितले आणि वास्तुरचनाकार स्तुतीने सुखावला. गोष्ट गोड आहे, पण तिला त्या काळातला आधार नाही. सांगणाऱ्यागणिक राजा बदलतो, कधी त्याच्या जागी राणी येते. काही जण ज्याचे नाव घेतात तो राजा 1685 मध्येच वारला. कॅथेड्रल पुरे व्हायला 1710 उजाडले. हाती आहे ते त्याच राजाचे बांधकामाला मंजुरी देणारे 1675चे फर्मान. त्यात आराखडा 'व्हेरी आर्टिफिशियल, प्रॉपर अँड यूजफुल' वाटल्याचे लिहिले आहे. आर्टिफिशियल म्हणजे तेव्हा कसबाने घडवलेले. 'ऑफुल' त्यात कुठेच नाही. खरा कागद इतका बोलका असताना दंतकथाच का चालवत राहायची?

'ऑफुल'ची उतरण खरी दिसते ती अमेरिकेत. 1816 मध्ये बोस्टनला छापलेल्या एका शब्दसंग्रहात नोंद आहे की न्यू इंग्लंडचे लोक नकोशा औषधालाही 'ऑफुल' म्हणतात. त्याच शतकात 'ऑफुली' नुसते 'फार' या अर्थाने रुळले आणि 'ऑफुली गुड' म्हणणे कुणाला खटकेनासे झाले.

'ऑसम' 16व्या शतकाच्या अखेरीपासून भाषेत होताच. त्याला 'एकदम छान' हा अर्थ 1960च्या सुमारास चिकटला आणि 1980नंतर तो तरुणांच्या तोंडी बसला. पोरांनी शब्दाची किंमत घालवली, ही ओरड मात्र अन्यायाची आहे. 'टेरिफिक' हा शब्द 1667च्या एका महाकाव्यात सर्पाच्या आयाळीचे भय सांगायला आला होता. त्याला स्तुतीचा शब्द केले ते 19व्या शतकातल्या प्रौढांनीच. 'अमेझ' तर 1611च्या बायबलमध्ये येशूच्या क्रूसाआधीच्या रात्रीची व्याकुळता सांगतो. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की.

18व्या शतकातल्या एका स्तोत्रात देवाचे सिंहासन 'ऑफुल' होते. अलीकडच्या काही स्तोत्रसंग्रहांनी तिथे 'ऑसम' घातले. भाविकांचा गोंधळ टळावा हा हेतू समजतो. तरी मूळ शब्द ठेवून खाली अर्थाची टीप दिली असती, तर अधिक बरे झाले असते.