पीलने कातडी कायमची पातळ होते का?

‘केमिकल पील केलं की कातडी कायमची पातळ होते, मग खान्देशचं ऊन सोसवत नाही.’ लग्नसराई आली की हा निरोप फोनवर फिरतोच. भीती समजण्यासारखी आहे. पील म्हणजे चेहऱ्याला आम्ल लावून वरची त्वचा सोलून काढणं. नावातच केमिकल, त्यात चार दिवस चेहऱ्यावरून पोपडे सुटताना दिसतात.

पण सुटतं काय? ग्लायकोलिक आम्लाचं हलकं पील त्वचेचा अगदी वरचा थर काढतं. तो एरवीही झडतो आणि साधारण ४ आठवड्यांत खालून नवा येतो. पडताळायचंय? आखाजीला काढलेली मेंदी बघा. रंगतो तो वरचा मेलेला थर. तो झडला की दोन-तीन आठवड्यांत हात कोरा. हात पातळ झाला का?

उन्हाचा भाग मात्र निम्मा खरा. नवी त्वचा काही दिवस हळवी असते, सावळ्या रंगावर काळे डाग उठू शकतात. जळगाव-भुसावळचा पारा ४५ला टेकतो तेव्हा कशाला? हिवाळ्यात करा, सनस्क्रीन लावाच. खोलवरचं फिनॉल पील वेगळं. त्याने व्रण राहू शकतात, रंगही कायमचा उडू शकतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला आम्लाचं नाव आणि टक्केवारी विचारा. पार्लरमधल्या बाटलीला लेबलच नसेल तर सरळ उठून या.