दोन हातांचा शॉट कुठून आला?

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचा एखादा आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल सामना आवाज बंद करून बघा. जर्सीवरची नावं वाचली नाहीत, तरी थोड्या वेळाने संघ कुठला असेल याचा अंदाज यायला लागतो. एक संघ बास्केट झाल्याझाल्या पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर धावून जातो. दुसरा संघ चेंडू चार-पाच जणींच्या हातून फिरल्याशिवाय शॉटचं नावच काढत नाही. आणि मधूनच एखादी मुलगी थ्री-पॉइंट रेषेबाहेरून (जिथून बास्केट झाली तर दोनऐवजी तीन गुण) चेंडू दोन्ही हातांनी कपाळापासून ढकलते. आवाज सुरू केलात, तर समालोचक ‘अमेरिकन आक्रमकता’, ‘आशियाई चपळाई’ वगैरे म्हणत असतो. मला ही लेबलं आळशी वाटतात. खेळाची शैली रक्तातून येत नाही. चेंडूचं वजन, घड्याळाचे सेकंद आणि बाराव्या वर्षी कोणाविरुद्ध खेळायला मिळालं, यांतून ती घडत जाते.

तो दोन हातांचा शॉटच घ्या. जपानमध्ये मुलींना तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, मुलांना मात्र एका हाताचा. कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. रिंग ३.०५ मीटर उंच आणि थ्री-पॉइंट रेषा ६.७५ मीटरवर. हातातून चेंडू दोन मीटर उंचीवर सुटतो असं धरलं, तर रेषेवरून रिंग गाठायला त्याला सेकंदाला जवळपास ९ मीटर वेग द्यावा लागतो. फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर जवळच्या रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, सव्वासात पुरतो. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने थ्री-पॉइंटरला फ्री थ्रोच्या सुमारे दीडपट ऊर्जा लागते. आता वजन बघा. पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू साधारण ६०० ग्रॅमचा, तर महिलांचा ६ नंबरचा साधारण ५३० ग्रॅमचा. पण हा हलका चेंडू सगळीकडे एकाच वेळी पोचला नाही. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या हाती तो १९८४-८५ च्या हंगामात आला, आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत थेट २००४ च्या सुमारास. लहान मुलांच्या मिनीबास्केटबॉलची २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा चेंडू सोडून आलेल्या मुलीला तोवर पुढे मोठ्या पुरुषांचाच चेंडू फेकावा लागे. तिने दोन्ही हात लावले नसते तरच नवल.

या एका सवयीमागून बाकीचा खेळ ओढला जातो. दोन हातांचा शॉट खालून सुटतो, सुटायला किंचित वेळ घेतो आणि समोर हात आला की अडतो. म्हणजे तो घ्यायचा तर आधी मोकळी जागा हवी. मोकळी जागा हवी, तर बिनचेंडूचं धावणं आणि झटपट पास हवेत. प्रेक्षकाला त्यातली चपळाई तेवढी दिसते. हालचालींचा अभ्यास करणारे कार्ल न्यूएल यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की कोणतीही हालचाल शरीर, परिसर आणि कामाच्या अटी या तीन मर्यादांच्या मधल्या जागेत आकार घेते. चेंडू आणि रिंग या कामाच्या अटी. त्या बदलल्या, तरी कोचच्या तोंडची वाक्यं लगेच बदलत नाहीत.

घड्याळाचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नियमांत २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो आणि ८ सेकंदांत अर्धा कोर्ट ओलांडावा लागतो. अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलला देशभर लागू असलेलं शॉट क्लॉक नाही. राज्यांनी हवं तर ३५ सेकंदांचं वापरावं, ही मुभासुद्धा २०२२-२३ पासूनची. मग शॉट क्लॉकशिवाय वाढलेल्या मुलींनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संथ खेळायला हवं ना? होतं उलटंच. त्यांचा संघ देशभरातून निवडून काही दिवसांत उभा केला जातो. इतक्या कमी वेळात गुंतागुंतीचे सेट्स, म्हणजे आधी ठरवलेल्या चाली, बसवण्यापेक्षा फुल-कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर जाऊन अडवणं, बसवणं सोपं. बाकावर दमदार खेळाडू भरपूर, आणि समोरच्यांना तर आठच सेकंद. याउलट फ्रान्सच्या निवडक मुली पॅरिसच्या ‘इन्सेप’ या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वर्षभर एकत्र राहतात आणि त्यांचा संघ प्रौढ महिलांविरुद्ध राष्ट्रीय लीगमध्ये खेळतो. पिक अँड रोलमध्ये (एकीने बचावपटूची वाट अडवायची आणि मग रिंगकडे वळायचं) कोण कुठे वळणार, हे त्यांना एकमेकींच्या खांद्यावरून कळतं.

झोन डिफेन्सबद्दल, म्हणजे प्रत्येकीने ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखण्याबद्दल, थोडक्यात. लहान मुली लांबून फारशा अचूक नसतात, त्यामुळे रिंगखाली गर्दी केली की कोचला फुकटात सामने मिळतात आणि मुली मात्र एकीला एकीने अडवायला शिकतच नाहीत. म्हणून जपान, जर्मनी, इटली यांनी लहान गटांत झोनवर बंदी किंवा बंधनं घातली. स्पेनच्या मिनीबास्केटमध्ये तर प्रत्येक मुलीला ठरावीक भाग खेळवावंच लागतं.

उंचीचं काय, हा प्रश्न येणारच. चीनची २.२० मीटर उंचीची झांग झीयू २०२४ च्या १८ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात ४२ गुण करून गेली. जिंकली ऑस्ट्रेलिया. पण उंचीपेक्षा मला वयाचा मुद्दा मोलाचा वाटतो. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. सोळा वर्षांच्या मुलांच्या संघात अर्धवट वाढलेले आणि पूर्ण वाढलेले एकत्र असतात, तिथे ‘शैली’ म्हणून दिसणारं बरंच काही नुसतं लवकर वयात येणं असतं. मुलींमध्ये ही सरमिसळ त्या वयापर्यंत बरीच ओसरलेली असते. शिकवणीचा फरक शोधायचा, तर मुलींचे सामने अधिक स्वच्छ आरसा आहेत.

आरसा फसवतोही. समजा, दोन वेगवेगळ्या सामन्यांत एका संघाने ८० गुण केले, दुसऱ्याने ६६. पहिला जास्त आक्रमक? चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचं एक पजेशन धरा. पहिल्याला ९२ पजेशन मिळाली आणि दुसऱ्याला आपल्या सामन्यात ७०, तर शंभर पजेशनमागे पहिल्याचे ८७ गुण होतात आणि दुसऱ्याचे ९४. संथ दिसणारा संघच जास्त धारदार निघाला. शिवाय जागतिक स्पर्धेत एका संघाला मिळतात जेमतेम सात सामने, त्यात दोन-तीन एकतर्फी. एवढ्यावरून खंडाचा स्वभाव ठरवणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या शेताची परीक्षा.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या महिलांनी रौप्य जिंकलं, ते स्पर्धेतल्या ठेंगण्या संघांपैकी एक असून. उपांत्य सामन्यात रुई माचिदाने १८ असिस्ट (थेट बास्केट घडवणारे पास) देऊन ऑलिम्पिक विक्रम केला, आणि कोर्टवर थ्री-पॉइंटरची नुसती झड लागलेली होती. आता तिथल्या शाळकरी मुलींना एका हाताचा शॉट शिकवणारे कोच वाढू लागले आहेत. चेंडू हलका होऊन वीस वर्षं झाली.